एका कानाच्या पैशात

वरच्या मजल्यावरची नर्स फार शांत बाई आहे, असं कानसेनचं ठाम मत होतं. रात्री ड्यूटी करते, दिवसा झोपते, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. असा शेजार मिळायला नशीब लागतं, असं तो बायकोला वरचेवर सांगायचा. बायको काही बोलायची नाही. कारण तो हे सांगत असतानाच नर्स झाडूच्या दांड्याने वरची जमीन बडवत असायची. ते बायकोला ऐकू येत होतं. कानसेनला नाही.

टीव्ही होता मुलगी-जावयाने दिलेला. मोठा, पातळ, भिंतीला चिकटून बसणारा. कानसेन आवाज वर न्यायचा, बायको खाली आणायची. ती पडदे शिवायला मशीनवर बसली की तो पुन्हा वर. दिवसभर हा चढउतार चालायचा. कानसेनचं म्हणणं एकच, टीव्हीत दम नाही. इतक्या पातळ पाटीत स्पीकर मावणार कुठे आणि मावला तरी त्याचं तोंड मागे भिंतीकडे. भिंतीशी बोलणाऱ्या माणसाचं कुणाला काय कळणार.

यात खोटं काही नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं.

खरं असं, की कानसेनचा डावा कान गेला होता. एका दिवसात गेला नाही. जुन्या छपराच्या पत्र्यासारखा दर वर्षी थोडा थोडा गेला. आणि ज्या कामात गेला त्याच कामात त्याला हे नाव मिळालं होतं.

तो कारखान्यात लोखंड घडवतात त्या फोर्ज शॉपमध्ये हॅमर चालवायचा. लाल लोखंड डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचं, लिव्हर ओढायची, वरून घण पडणार. तापलेल्या लोखंडावरचा ठोका मऊ असतो, धप्प बसतो. लोखंड गार व्हायला लागलं की ठोका टणकतो. गार लोखंडावर मारलं की डाय फुटते आणि डाय फुटली की आठवडाभर काम बंद. दुसरे लोक लोखंडाचा रंग बघायचे. हा आवाज ऐकायचा. दोनदा त्याने लिव्हर सोडून हात वर केला आणि दोन्हीदा डाय उघडून बघितल्यावर तडा निघाला. तेव्हापासून साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला कानसेन म्हणायला लागले. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. त्याने कधी घातले नाहीत. बोळा घातला तर ठोका कळणार कसा.

एवढं नाव झाल्यावर कान गेला असं सांगणार कुणाला? पोहण्याचा मास्तर पाण्याला भितो म्हणण्यासारखं झालं ते.

म्हणून त्याने सांगितलंच नाही. त्याऐवजी घर आपल्या सोयीने लावून घेतलं. सोफ्याच्या डाव्या टोकाला तो बसायचा, म्हणजे सगळं जग उजवीकडे. रस्त्याने चालताना बायको उजव्या हाताला. आणि बाकीचं काम डोळे करायचे. हॅमरच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येतच नाही. तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. नवा माणूस वर्षभरात शिकतो. कानसेनला तर समोरचा पाठमोरा नसला म्हणजे झालं, रस्त्यापलीकडचं भांडणही कळायचं.

एका दुपारी नर्स खाली आली. डोळे लाल, केस विस्कटलेले, अंगात झोपायचा झगा. दारातच उभी राहून तिने फार नम्रपणे विचारलं की काकांनी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला तर तिला या महिन्यात एकदा तरी झोपता येईल का. कानसेन ओशाळला. ती गेल्यावर बायकोने मशीन थांबवलं आणि पहिल्यांदाच सरळ बोलली.

"अहो, कान दाखवून घ्या. कानाच्या यंत्रापुरते पैसे मी बाजूला ठेवलेत. एका कानाचे तरी होतील."

"कानाला काय झालंय? टीव्हीत आवाज नाही."

"टीव्हीत आवाज नाही तर वरच्या मजल्याला कुठला ऐकू जातो?"

अडलं की कानसेन नवा मुद्दा काढायचा. त्याने काढला. टीव्हीला नीट रिसीव्हर, म्हणजे स्पीकर वाजवणारं यंत्र, जोडावा, भोवती पाच स्पीकर लावावेत, बोलणं समोरून, बाकीचे आवाज चहूबाजूंनी. मग बघ, हळू आवाजातही शब्द न् शब्द कळतो की नाही. बायकोने सुईत दोरा ओवेपर्यंत विचार केला आणि पैज मांडली. पैसे तेच, एका कानाचे. वर एक पैसाही मिळणार नाही. त्यात काय ते यंत्र आणावं. लावून झालं की आवाज ती ठरवील, तिला पुरेल एवढाच. त्यावर त्याला सगळं ऐकू आलं तर कानाचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी दवाखाना.

कानसेन हो म्हणाला. हरणारी पैज तो घेईल असं कुणी समजू नये. त्याने डोक्यात आधीच हिशेब केला होता. पाच स्पीकर म्हणजे पाच वेगळे आवाज. प्रत्येकाचा आवाज वेगळा कमीजास्त करता येत असेल, तर डावीकडचे दोन गुपचूप चढवून ठेवायचे. बायकोने मुख्य आवाज कितीही खाली आणला तरी डावी बाजू आपल्यापुरती पोहोचेल. दवाखाना टळला, नाव राहिलं, वर सिनेमा फुकट.

आधी तो मोठ्या दुकानात गेला. काचेची दारं, आत गारवा, आणि टाय लावलेला विक्रेता. विक्रेत्याने वॉटपासूनच सुरुवात केली. हा हजार वॉटचा, तो बाराशेचा. कानसेनने विचारलं, हजार म्हणजे पाचही स्पीकर एकदम वाजताना, की एकटा वाजताना? विक्रेता म्हणाला, एकूण. एकूण म्हणजे काय, ते त्यालाही सांगता येईना. मग कानसेनने मांडलेले नग एकेक करून उचलून बघितले. जड यंत्रात तांबं असतं, तांबं असेल तर दम असतो, हा त्याचा नियम. विक्रेत्याने समजावलं की आता नव्या पद्धतीने हलकी यंत्रंही चांगली येतात. असेल. पण हलकं यंत्र कानसेनच्या हाताला पटेना.

विक्रेता कंटाळून काउंटरवरच्या पोरीकडे गेला. मध्ये काचेची भिंत होती. तिथे जाऊन तो तिला म्हणाला, म्हातारा भोपळे निवडल्यासारखा उचलून बघतोय, घेणार काही नाही.

"घेणार आहे," कानसेन इकडून म्हणाला. "पण इथे नाही."

दोघं पुतळ्यासारखे उभे राहिले. तो बाहेर पडला तेव्हा ती पोरगी छतावर कॅमेरे शोधत होती.

मग त्याने बदलीला बरोबर घेतलं. बदली म्हणजे त्याच हॅमरवरचा माणूस. त्या हॅमरला चार माणसं होती. सकाळपाळीला कानसेन. दुपारच्या पाळीला एकजण, त्याला सगळे दुपारवाला म्हणत. रात्रीचा होता त्याचं नाव घुबड. आणि तिघांपैकी कुणी सुट्टीवर गेला की त्याच्या जागी उभा राहायचा तो बदली. उभं आयुष्य चौघांनी एकाच लिव्हरपाशी घालवलं, पण भेट फक्त पाळी बदलताना. लिव्हरचा दांडा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचा, तेवढ्यात काय बोलणं होईल ते. नीट बसून गप्पा मारायला सुरुवात झाली ती चौघं घरी बसल्यावर.

बदलीला एक दुरुस्तीवाला माहीत होता. बोळात दुकान, बोळाएवढंच रुंद. दुरुस्तीवाल्याची बोटं डाग देऊन देऊन चट्ट्यांनी भरलेली आणि चष्मा कायम कपाळावर. विकायला त्याच्याकडे जुने तीन रिसीव्हर होते. बजेट ऐकून त्याने सरळ सांगितलं की निम्मे पैसे रिसीव्हरला, निम्मे स्पीकरना. सगळे पैसे एकात ओतले तर दुसरं लंगडं राहतं.

पहिला नऊ स्पीकरचा होता, दिसायला तिजोरी. बदलीचे डोळे चमकले. दुरुस्तीवाल्याने विचारलं, खोली केवढी? कानसेनने हाताने दाखवली. मग नऊ स्पीकर लावल्यावर माणसांनी बसायचं कुठे, जिन्यात? शिवाय त्याचा टीव्हीला जोडायचा भाग एकदा जळून दुरुस्त झाला होता, आणि जळलेला भाग पुन्हा जळतो. दुसरा नवा, चकचकीत, मोबाइलवरून चालणारा, पण आवाज बसवण्याचं सगळं काम स्वतःच करायचा, माणसाला हात घालू द्यायचा नाही. तिसरा पाच स्पीकरचा. झाकणावर ओरखडा, बटणांवरची अक्षरं पुसलेली. पण मागची टीव्हीची खाच धड होती, एकाच वायरीतून चित्र जायचं आणि टीव्हीचा आवाज परत यायचा. आणि वजन एवढं, की कानसेनने उचलला तेव्हा त्याच्या तोंडावर समाधान दिसलं.

"याच्यात एखादाच स्पीकर वेगळा वाढवता येतो?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येतो."

"डावासुद्धा?"

"डावा, उजवा, मधला, मागचा. का?"

"सहज."

दुरुस्तीवाला म्हणाला, वाढवायची वेळच येणार नाही. याच्याबरोबर एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी ठेवायचा, बटण दाबायचं, यंत्र प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडून स्वतःच खोली मोजतं आणि सगळे सारखे करून देतं. कानसेन म्हणाला, माइक राहू द्या, आम्हाला कान आहेत. दुरुस्तीवाला म्हणाला, घेऊन जा, फुकट आहे. फुकट म्हटल्यावर बदलीने तो स्वतःच खिशात टाकला.

पण घ्यायच्या आधी कानसेनने यंत्र तपासलं. पाचही स्पीकर जोडायला लावले, आवाज भरपूर केला आणि झाकणावर तळहात ठेवून स्टुलावर बसला. दुरुस्तीवाला म्हणाला, दोन मिनिटं पुरे. कानसेन उठला नाही. दोन मिनिटं कुणीही धावतो. हात ठेववतो तोवर यंत्र, हात उचलावा लागला की तवा. बोळातली माणसं येऊन डोकावून गेली, दुरुस्तीवाल्याने कानात बोटं घातली, बदली वाट बघून पेंगला. झाकण कोमट झालं, त्यापुढे गेलं नाही. तेव्हा कानसेन उठला आणि पैसे मोजून दिले.

पोचवायला माणूस देतो म्हटलं तर नको म्हणाला. यंत्र त्याने स्वतः घरी नेलं. जिन्यावर बदली मदतीला हात लावायला गेला तर त्याला बाजूला केलं. दोघांनी धरलेलं ओझं दोघांना पाडतं. वजन छातीला, कंबर सरळ, काम पायांचं. वर पोचून त्याने ते टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल कुरकुरलं. कानसेन नाही.

दुसऱ्या दिवशी बायको पडदे पोचवायला गेली होती. तीच वेळ साधून चौघं जमले. कामाला लागले ते पाळीवर आल्यासारखे. घुबडाने वायरी पायपट्टीच्या कडेने नेल्या, वीतभर अंतरावर एक खिळा, एकही वाकडा नाही. दुपारवाल्याने वायरींची टोकं सोलली, तांब्याची एक तारही तुटू दिली नाही. मधला स्पीकर टीव्हीखाली, कारण सिनेमातलं सगळं बोलणं तिथून येतं. दोन पुढे, दोन मागे कोपऱ्यात. धमधम करणारा डबा टेबलाखाली. बदलीला शिडी धरायला ठेवलं होतं. तो म्हणाला, जन्मभर हेच केलं.

माइक त्याने खिशातून काढलाच. चला, फुकटचं बघून तर घेऊ. सोफ्याच्या मध्यावर स्वयंपाकघरातला एक डबा ठेवून त्यावर माइक ठेवला आणि बटण दाबलं. एकेका कोपऱ्यातून फुस्स आवाज यायला लागला. चौघं श्वास रोखून उभे. पडद्यावर आलं, सगळं ठीक.

मग सिनेमा लावला. युद्धाचा होता. मागून उजवीकडून एक विमान यायचं, डोक्यावरून जायचं आणि पुढे डावीकडे निघून जायचं, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. विमान मागून उजवीकडून आलं. टीव्हीपर्यंत पोचलं. आणि गडप झालं.

कानसेनला कारण माहीत होतं. बाकीचे गेल्यावर डावा चढवायचा बेत तयारच होता. त्याने पुन्हा लावलं. विमान आलं आणि गडप झालं. चौघंही एकमेकांकडे बघेनात.

शेवटी घुबडाने घसा साफ केला. "डावीकडचा जरा बसलाय का रे?"

"मी तेच म्हणणार होतो," दुपारवाला म्हणाला.

"मला वाटलं विमान पाडलं कुणीतरी," बदली म्हणाला.

कानसेनच्या छातीवरचा दगड खाली आला. तीन माणसं, तीन पाळ्यांची, एकमुखाने सांगतायत की डावा स्पीकर बसलाय. म्हणजे डावा खरंच बसलाय. म्हणजे आपला कान धड आहे. इतकी वर्षं उगीच भ्यालो. त्याला एवढा आनंद झाला की त्याने डावा चढवायचा बेतच सोडून दिला आणि दोष शोधायला लागला, अगदी मन लावून, कारण आता लपवायचं काही उरलंच नव्हतं.

दोष शोधायची रीत चौघांना पाठ होती. अदलाबदल करायची. भाग बदलला आणि दोष त्याच्याबरोबर गेला तर दोष भागात. दोष जागेवर राहिला तर भाग निर्दोष. त्यांनी डावा आणि उजवा स्पीकर बदलले. डावीकडचा आवाज तरीही बसलेला. म्हणजे स्पीकर निर्दोष. वायरी बदलल्या. डावीकडे अजून तेच. यंत्राच्या मागची जोडणी उलटी केली. तेच. सगळं बदलून झालं, दोष हलेना. आता खोलीत न बदललेल्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, डावीकडची भिंत आणि ही चार माणसं.

"भिंतच," दुपारवाला म्हणाला.

सगळ्यांना पटलं. भिंतीवर बायकोने शिवलेला मोठा जाड पडदा होता, तो आवाज खात असणार. पडदा काढला. फरक नाही. मग भिंत पोकळ असणार. बदलीने ती ठोकून बघितली आणि डोकं हलवलं, पोकळच आहे. ती बाहेरची भिंत होती, तीन वितींची, विटांची. पण हॅमरवाल्यांनी एकदा निदान केलं की केलं. भिंत आवाज खाते, तर तिला जास्त घातला पाहिजे. डावीकडचे दोन्ही स्पीकर एकेक घर वर न्यायला सुरुवात झाली. अजून. अजून थोडा. पाळीवर डाय बसवताना बसायचे तसे चौघं मान तिरकी करून बसले होते. शेवटी विमान मागून आलं, डोक्यावरून गेलं आणि डावीकडे अगदी क्षितिजापर्यंत पोचलं.

"बसला," घुबड म्हणाला.

त्याच वेळी छतावर धपाधप ठोके पडायला लागले. एवढे जोरात, की या चौघांनाही ऐकू आले. दुपारवाल्याने मोठ्या आदराने वर बघितलं. वरूनही आवाज येतो, आणि वरचा स्पीकर तर आपण घेतलाच नव्हता. कानसेनने अभिमानाने सांगितलं, वजन बघून घेतलं की असं असतं. ठोके वाढले. ते म्हणाले, लढाई रंगात आली.

मग ठोके थांबले, आणि थोड्या वेळाने दार उघडलं. बायको जिन्यातच नर्सच्या तावडीत सापडली होती. दोघी बरोबरच आत आल्या. बायकोने उतरवलेला पडदा बघितला. ठोकलेले खिळे बघितले. मग पैजेप्रमाणे आवाज ठरवायला दोघांना सरकवून सोफ्याच्या मध्यावर जाऊन बसली, आणि डाव्या कानावर तोफ पडल्यासारखी उठली. नर्सने दोन्ही हात कानांवर ठेवले होते. सोफ्यावरचे चौघं मात्र कौतुक ऐकायला टवटवीत बसले होते.

कानसेनने समजावून सांगितलं की भिंत आवाज खाते. बायकोने भिंतीकडे बघितलं, चौघांकडे बघितलं. चौघांची मान एकाच बाजूला कललेली, उजवा कान टीव्हीकडे. मांजरं उन्हाकडे तोंड करून बसतात तसे.

ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. भिंत वाकडी आज ऐकली."

मग तिने रिमोट उचलला आणि आवाज पार बंद केला. चौघांच्या समोर उभी राहिली आणि ओठ हलवले. नुसते ओठ. आवाज काढलाच नाही.

"अर्धा कप," दुपारवाला म्हणाला.

"मला साखर नको," घुबड म्हणाला.

बदली म्हणाला की उरला असेल तर घेईन. कानसेन म्हणाला, मला नेहमीसारखा.

नर्सचे हात कानांवरून खाली आले. "काकू," ती म्हणाली, "तुम्ही काही बोललातच नाहीत."

बायको सोफ्याला वळसा घालून मागे गेली, डावीकडच्या कोपऱ्यात, जिथे मागचा स्पीकर होता. तिथून घरात बोलतात तेवढ्या आवाजात म्हणाली, "उठा, सोफ्याने पेट घेतलाय."

कुणी हललं नाही. घुबड चहाची वाट बघत टीव्हीवरचं मुकं युद्ध बघत होता. नर्स दाराला टेकून हसायला लागली, आणि ती हसताना दिसली म्हणून चौघं मागे वळले.

पुढचं समजावून सांगायला वेळ लागला नाही. कानसेन यंत्राच्या झाकणाकडे बघत बसला. पैज गेली, ते एक. पण तीन मित्रांदेखत गेली. आता कानसेन कसला.

दुपारवाला हळूच म्हणाला, "तुझा डावा?"

"डावाच," कानसेन म्हणाला.

"माझाही डावाच आहे रे."

घुबडाने नुसता डाव्या कानाला हात लावला. लिव्हरपाशी उभं राहिलं की हॅमर डाव्या हाताला. जागा एक, उभं राहणारे चार. प्रत्येकाला वाटत होतं की आपला एकट्याचाच गेला आणि बाकीच्यांचे शाबूत आहेत. पाळी बदलताना ते वर्षानुवर्षं समोरासमोर उभे राहून बोलले, एकमेकांचे ओठ वाचत, आणि एकालाही पत्ता लागला नाही.

"मी तर तिघांच्या बदल्या केल्या," बदली म्हणाला. "माझे तिन्ही जायला पाहिजे होते."

तेव्हा कानसेन हसला. पैज हरलेला माणूस हसावा तसं नाही, पाळी सुटल्यावर हसतात तसं.

कानाचे पैसे तर यंत्रात गेले होते. पण नर्सने तो प्रश्न ठेवलाच नाही. गोंगाटाच्या कामावरून निवृत्त झालेल्यांना तिच्या हॉस्पिटलात कानाचं यंत्र फुकट मिळतं, फक्त मागायला जावं लागतं. तिने स्वतः चौघांची नावं लिहून घेतली. चौघांनी तिचे आभार मानले. तिने सांगितलं, आभार नकोत, झोप पाहिजे. पुढे हॉस्पिटलात कान तपासणाऱ्या बाईने पहिल्याला विचारलं कुठला, दुसऱ्याला विचारलं कुठला, चौथ्याला विचारलंच नाही.

यंत्र कानात बसल्यावर कानसेनने घरी येऊन स्वतःच्या हाताने डावे स्पीकर खाली आणले, पडदा परत लावला आणि माइक ठेवून बटण दाबलं. माइकने पहिल्यांदा जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. यंत्राला भीड नसते. आवाज बायकोने ठरवला. कानसेनला शब्द न् शब्द ऐकू आला. विमान मागून आलं आणि डावीकडे निघून गेलं. डावीकडे एवढी जागा आहे हे तो विसरूनच गेला होता. बायकोने समाधानाने मान हलवली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

सिनेमात पुढे शांत प्रसंग होता. दोन माणसं नदीकाठी बसलेली. आणि कानसेनला डावीकडून, मागून, बारीक बोलणं ऐकू यायला लागलं. बाईचा आवाज. नदीकाठी तर बाई कुठे दिसेना. त्याला वाटलं मागच्या स्पीकरची वायर सैल झाली. तो उठून कोपऱ्यात गेला, स्पीकरला हात लावला. बोलणं स्पीकरमधून नव्हतं. शेजारच्या दारातून होतं, स्वयंपाकघरातून.

"बसला राजा सिंहासनावर," बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणत होती. "भिंत आवाज खाते म्हणे. मग भिंतीलाच म्हणावं भांडी घास. चौघांचं डोकं एकत्र केलं तर एक कान भरायचा नाही. आणि पायमोजे कुठे ठेवले ते मलाच विचारणार, ते काय माइकने सापडतात?"

रागाने नव्हती बोलत. हात चालू, तोंड चालू, एकाच लयीत. एकही शब्द अडत नव्हता, एकही ठोका चुकत नव्हता. कानसेनने आयुष्यभर काम बघितलं होतं. नवशिक्याचा हात कुठला आणि मुरलेला कुठला, हे त्याला लगेच कळायचं. हे आज सुरू झालेलं काम नव्हतं. याला कित्येक वर्षांचा सराव होता.

तो आवाज न करता परत आला. सोफ्यावर बसला, पण नेहमीच्या टोकाला नाही. उजव्या टोकाला बसला, म्हणजे स्वयंपाकघर सरळ डाव्या कानावर. मग रिमोट घेतला आणि सिनेमाचा आवाज दोन घरं खाली आणला.

बायको पदराला हात पुसत दारात आली. त्याने आपण होऊन आवाज कमी केला, हे या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"पुरतोय ना तेवढा?" तिने विचारलं.

"भरपूर," कानसेन म्हणाला. "तू तुझं चालू दे."